चालीनं हसायचं नाही

प्रिय मुली,

काल रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला. "काका, सहा ठिकाणी म्युझिक टाकलंय, एकाही ठिकाणी कुणी हसलं नाही. विनोदी संगीत करायचं तरी कसं?" तेव्हा उत्तर दिलं नाही. पण झोपही लागली नाही, म्हणून पहाटे उठून लिहायला बसलो.

परवा नारायण पेठेतल्या हॉलमध्ये तुमची तालीम मी अगदी मागच्या खुर्चीवरून पाहिली. एकांकिका चांगली आहे. सोसायटीच्या दिवंगत चेअरमनची शोकसभा बघता बघता पार्किंगच्या भांडणावर घसरते, यात हसू जागोजागी आहे. फोटोवरचा हार निसटतो, तिथं तू कीबोर्डवरून ती घरंगळणारी शिट्टी सोडलीस. वहिनी डोळे पुसता पुसता विचारतात, "बी विंगला दोन स्लॉट कसे?" तिथं 'ट्यँव'. आणि दर वेळी काय झालं ते तुला कळलं नाही, कारण तुझी नजर लॅपटॉपवर होती. समोर बसलेली तुमचीच मुलं वहिनींकडून मान वळवून तुझ्याकडे बघायची. ज्या क्षणी माणसाचा चेहरा बघायचा, त्या क्षणी सगळे यंत्राकडे बघत होते. मग हसणार कुठून?

चालीनं हसायचं नाही. एवढंच मला माहीत आहे. चाळीस वर्षं पेटीवर बोटं झिजवून एवढंच हाती लागलंय आणि तेच मी तुला पुन्हा पुन्हा सांगणार आहे. रंगमंचावरचं माणूस चुकेल, पडेल, खोटं रडेल. संगीताला मात्र ते ठाऊकच नसलं पाहिजे. त्यानं आपलं काम मान खाली घालून, इमानानं करायचं.

तुला वाटेल, काकांचं हे जुनं सोवळं. तर हे आपल्याकडे नाथांपासून चालत आलंय. 'सत्वर पाव गे मला, भवानी आई रोडगा वाहीन तुला' हे भारूड कुणी नीट म्हणताना ऐक. एक सासुरवाशीण देवीला नवस बोलते आहे. सासरा गावाला गेलाय, त्याला तिकडेच खपव. नणंदेचं पोर किरकिर करतं, त्याला खरूज होऊ दे. शेवटी सगळेच जाऊ देत, मला एकटीला राहू दे. चाल कशी आहे? देवीपुढं पदर पसरून म्हणावी तशी. आर्त. एकनाथांनी त्यात परमार्थ ठेवलाय तो आहेच, पण माणसं आधी हसतात, आणि हसतात ती 'खरूज' या शब्दाला तेवढ्याच भक्तीचा सूर लागतो म्हणून. त्या शब्दावर कुणी झांज आपटून डोळा मारला की भारूड मेलंच. मी असं मेलेलं पाहिलंय.

दुसरं उदाहरण तुझ्या घरातलं. गणपतीत 'येई हो विठ्ठले' सुरू होतं आणि 'माऊली ये' मधला 'ये' सगळे धरून ठेवतात. एकेकाचा दम संपतो, एकेक आवाज गळतो, आणि शेवटी कुणीतरी एकच उरतो, बहुधा एखादा काका, मान वर, डोळे मिटलेले, चेहरा लाल. पोरं फुटतात. त्या काकाला कुणाला हसवायचं नसतं, तो खरोखर विठ्ठलाला हाक मारत असतो. त्याचा सूर जितका खरा, तितकं हसू मोठं. हे तू लहानपणापासून दर भाद्रपदात पाहिलंयस आणि मेसेजमध्ये मला विचारतेस, कसं करायचं!

चिडलो नाही. पण नऊ वर्षं शास्त्रीय गाणं शिकलेली मुलगी हसू शोधायला साउंड इफेक्टच्या फोल्डरमध्ये जाते, याचं वाईट वाटतं. तुझ्याकडे केवढा दारूगोळा आहे. सम, तालाची ती पहिली मात्रा, म्हणजे काय हे तुला माहीत आहे. ऐकणाऱ्याच्या मनात एक जागा आधीच तयार होते आणि तो तिथं तुझी वाट बघत बसतो. सवाई गंधर्व महोत्सवाला मांडवात बसली असशील तर आठव, तिहाईचे, म्हणजे तीनदा वाजवून समेवर येणाऱ्या तुकड्याचे, दोन पल्ले झाले की हजारो माना तिसऱ्याची वाट बघतात. वादक अलगद समेच्या आधी उतरला, अनागत घेतलं, किंवा ओलांडून अतीतावर आला, की मांडवात एक हसू पसरतं. कुणी विनोद केलेला नसतो. तीन ताल सोळाच मात्रांचा असतो, हिशेब चोख असतो, फक्त आपण जिथं पाय टाकला तिथं पायरी नसते. वाट बघायला लावणं आणि ती जागा हलवणं, विनोदाचं सगळं यंत्र एवढंच आहे. हिशेब कच्चा असेल तर मात्र ती चूक होते, आणि चुकीला लोक हसत नाहीत, कंटाळतात.

पाश्चात्त्यांच्यात हे काम अठराव्या शतकातल्या हायडन या संगीतकारानं जितकं केलं तितकं क्वचितच कुणी केलं असेल. त्याच्या ९४व्या सिंफनीतला, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या रचनेतला, धमाका सगळे सांगतात. १७९२मध्ये लंडनला पहिल्यांदा वाजली ती. दुसऱ्या भागात एक साधी, बाळबोध चाल हळू येते, मग आणखी हळू येते, आणि अचानक सगळा वाद्यवृंद एकदम कोसळतो. लोक धमाका लक्षात ठेवतात. तू त्याच्या आधीचा हळूपणा ऐक. आणि ती खोडी तो पुन्हा करत नाही हेही ऐक. तू सहादा केलीस.

त्याच्यापेक्षा मला त्याची १७८१ची एक चौकडी, म्हणजे चार तंतुवाद्यांची रचना, जवळची आहे, ओपस ३३ या संचातली दुसरी. शेवटचा भाग संपत आलाय, चाल नेहमीसारखी परत येते, पण तुकड्यातुकड्यानं. एक तुकडा, थांबा. दुसरा तुकडा, थांबा. चौथा झाला, संपलं म्हणून माणसं टाळ्यांसाठी हात उचलतात. मोठी शांतता. आणि मग हळूच पहिला तुकडा पुन्हा वाजतो आणि तिथंच संपतं. सुरुवातीवर शेवट! चार वादक तेव्हा चेहरा हलवत नाहीत. मी ही चौकडी पहिल्यांदा कॅसेटवर ऐकली तेव्हा टेप अडकली असं समजून झाकण उघडलं होतं.

आणि तू नाटकवाली आहेस म्हणून ६०वी सिंफनी सांगतो. १७७४ची, मुळात एका विसरभोळ्या माणसाच्या प्रहसनासाठी केलेलं संगीत. शेवटच्या भागाला जोरात सुरुवात होते आणि व्हायोलिनवाले मधेच थांबून तारा लावायला लागतात, जणू वाद्य जुळवायचं राहूनच गेलं. हे सगळं कागदावर लिहिलेलं आहे, सुरासकट. अडीचशे वर्षांपूर्वी नाटकाच्या माणसानं केलेलं काम आहे हे, आणि त्यात एक शिट्टी नाही.

घरचे म्हणतात, एवढं गाणं शिकून हे काय करतेस, असं तू मागं बोलली होतीस. तो घोर मोठमोठ्यांना लागला होता. सॅ-साँस या फ्रेंच संगीतकारानं १८८६मध्ये 'प्राण्यांची जत्रा' ही रचना लिहिली. कासवांसाठी त्यानं ऑफेनबाखचा कँकॅन हा धावता नाच घेतला आणि इतका संथ केला की ओळखायला वेळ लागावा. तंतुवाद्यं तो अगदी गंभीरपणे वाजवतात. पण आपलं नाव हलकं होईल म्हणून त्यानं राजहंसाचा तुकडा सोडून बाकी सगळं हयातीत छापू दिलं नाही. तो गेल्यावर १९२२मध्ये ते छापलं गेलं आणि आज लोक त्याला त्याच जत्रेमुळे ओळखतात. त्यानं भ्यायला नको होतं. तूही भिऊ नकोस.

आता माझं सांगतो. हे लिहायचं की नाही यावर पहाटेपासून घुटमळतोय.

१९९०च्या सुमारास मी एका व्यावसायिक फार्सचं संगीत करत होतो. नाव नको. निर्मात्याला प्रत्येक पंचवर आवाज हवा होता. मी तेव्हा दोन मुलांचा बाप होतो, नाइट, म्हणजे प्रयोगामागचे पैसे, मिळत होती, दिला. पहिल्या प्रयोगाला बालगंधर्व रंगमंदिर हसून हसून हललं. मला वाटलं, जमलं. वीस-पंचवीस प्रयोगांनंतर हसू पातळ व्हायला लागलं. नटांना सवय लागली होती, वाक्य टाकून माझ्या आवाजासाठी थांबायचे. त्या नाटकात बहिऱ्या मामाचं काम करणारे एक वयस्क नट होते. त्यांच्या एका गप्प राहण्यावर पूर्वी थिएटर कोसळायचं. एका मध्यंतरात ते चहाचा कप घेऊन विंगेत माझ्या पेटीपाशी आले, भात्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तू माझ्या आधी हसतोस रे."

एवढंच. ओरडले नाहीत. मी काहीतरी निर्मात्याचं कारण सांगितलं. पुढचे प्रयोग तसेच वाजवले, कारण बदलायला गेलो असतो तर नाइट गेली असती. ते आता नाहीत. त्यांची माफी मागायची राहिली.

त्यानंतर मी अडून बसायला शिकलो. पुढं एका दिग्दर्शकानं तेच मागितलं तेव्हा मी नाटक सोडलं. माझ्या जागी कीबोर्डवाला आला, नाटक खूप चाललं, आणि मंडळी अजून मला सांगतात की तुमचा हट्ट तुम्हाला नडला. नडला असेल. पैशाला नडलाच. पण चाललं म्हणजे बरोबर होतं, हे मी मान्य करणार नाही. त्या नाटकातला एकही प्रसंग आज कुणाला आठवत नाही. उलट १९७२चं 'घाशीराम कोतवाल' बघ, भास्कर चंदावरकरांनी कीर्तन आणि लावणी समोरासमोर उभी केली. कीर्तन कीर्तनाच्या इमानानं, लावणी लावणीच्या. दोन्ही आपापल्या जागी खऱ्या, म्हणून एकमेकींना लागल्या की हसू येतं आणि हसताना घसा कोरडा पडतो. 'पडोसन'मधली जुगलबंदी घे, १९६८ची. हरणाऱ्या मास्तरचा आवाज मन्ना डेंचा आहे आणि ते एकेक सरगम अशी गातात की जणू मैफलच आहे. त्यांनी गळा वेडावाकडा केला असता तर हरण्यात मजा काय उरली असती? मी नाटक सोडलं ते या लोकांच्या बाजूनं उभं राहायला सोडलं, असं मला वाटतं.

असो. तुझ्या एकांकिकेकडे येतो.

शिट्टी काढ, 'ट्यँव' काढ. सहाच्या सहा काढ. शोकसभेत भजनी मंडळ तसंही बसलेलंच आहे, ते नुसतं सेटसारखं का बसवलंयत? त्यांना एक संथ अभंग दे, भैरवीतला चालेल, आणि पखवाजावर साधा आठ मात्रांचा भजनी ठेका. पहिली तीन मिनिटं काहीही करू नकोस. प्रेक्षकांना खरंच गहिवरून आलं पाहिजे. त्यांच्या कानात सम पक्की बसली पाहिजे. मग वहिनी स्लॉटचं विचारतात तेव्हा पखवाजवाल्यानं समेची थाप खायची. फक्त ती एक थाप. हात वर गेलेला, खाली आलाच नाही. टाळही थांबलेले. त्या रिकाम्या मात्रेत प्रेक्षक स्वतःच मनात ती थाप वाजवतील, आणि वहिनींचा प्रश्न तिथं पडेल. मग मंडळानं काही घडलंच नाही असं दुसऱ्या मात्रेपासून पुढं जायचं.

दुसऱ्यांदा भांडण वाढेल तेव्हा लय चोरून वाढव. इतकी हळूहळू, की अभंगाचं आरतीत रूपांतर कधी झालं ते कळू नये. लय वाढताना गाणाऱ्यांचे चेहरे तसेच हवेत, दुःखी. पखवाजाला बसवलेला तो उंच मुलगा नुसता बसूनही ओठ दाबून हसतो, परवा दोनदा पाहिलं. त्याला आत्ताच सांग, नाहीतर बदल.

हार निसटतो तिथं काहीच नको. हार पडण्याचा स्वतःचा आवाज आहे. तो ऐकू आला पाहिजे, म्हणून प्लास्टिकचा काढून झेंडूचा आणा.

रविवारी सकाळी नऊला ये, पखवाजवाल्याला घेऊन. टाळ माझ्याकडे आहेत. लॅपटॉप घरीच ठेव.

तुझा,
काका