दूतावासांचा इतिहास शिकून नोकरी मिळेल का?

कुडाळहून एका आईचं पत्र आहे. मुलगी टीवायबीएला, विषय इतिहास. भारताच्या परदेशांतल्या दूतावासांच्या इतिहासावर तिला काम करायचंय, यूपीएससी मात्र द्यायची नाही. यात पोट भरेल का, असा प्रश्न आहे.

ताई, भरेल, पण नुसत्या एमएवर नाही. नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) आणि पीएचडी धरूनच चाला. नेटमधून मिळणारी जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर सुरुवातीला दरमहा ३७,००० रुपये मिळतात, त्यामुळे संशोधनाच्या वर्षांत घरावर ओझं पडत नाही.

विषय मात्र ‘भारताचे परराष्ट्र संबंध’ असा ऐसपैस नको. गोवा तुमच्या शेजारी. तिला पोर्तुगालचं प्रकरण घेऊ द्या. भारतानं १९४९ मध्ये लिस्बनला वकिलात उघडली. गोव्यावर पोर्तुगाल बोलायलाच तयार नाही म्हटल्यावर जून १९५३ मध्ये ती बंद केली. १९५५ मध्ये संबंध तुटले आणि जुळले थेट ३१ डिसेंबर १९७४ च्या करारानं. तोवर गोवा मुक्त होऊन तेरा वर्षं उलटली होती! एका प्रबंधाला एवढं पुष्कळ झालं.

खरी गोची फायलींची. परराष्ट्र खात्याचे जुने कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. आधी घरबसल्या ‘अभिलेख पटल’ या त्यांच्या संकेतस्थळावर शोधावं. ‘एम्बसी’बरोबर ‘लिगेशन’ही टाकावं, कारण लिस्बनची वकिलात एम्बसीपेक्षा खालच्या, लिगेशनच्या दर्जाची होती. फाईल क्रमांक, शाखा आणि वर्ष तिन्ही उतरवून घ्यावं, कॉलेजचं शिफारसपत्र न्यावं. तरीही काही मागणीचिठ्ठ्या ‘एनटी’ असा शेरा घेऊन परत येतात. नॉट ट्रान्सफर्ड, म्हणजे खात्यानं फाईल अभिलेखागाराकडे दिलेलीच नाही. १९९३ च्या कायद्यानं पंचवीस वर्षांवरचे कागद तिथे जायला हवेत, पण गोपनीय शिक्क्याच्या फायली त्यातून सुटतात. म्हणून चिठ्ठ्या टाकून पाहिल्याशिवाय पीएचडीचा विषय नोंदवू नये. नोंदवल्यावर कळलं तर वर्ष फुकट जातं.

दुसरी बाजू लिस्बनला, तिथल्या परराष्ट्र खात्याच्या अभिलेखागारात, आणि ती पोर्तुगीजमध्ये. भाषा यंदाच सुरू करा. गोवा विद्यापीठात पोर्तुगीज शिकवतात. फायली वाचण्यापुरती भाषा यायला नेटानं दीड-दोन वर्षं लागतात. इंग्रजी कागदांवरच भागवलं तर प्रबंध एकतर्फी होतो आणि परीक्षक नेमकं तिथेच धरतात.

प्राध्यापकी लांबलीच तर राष्ट्रीय अभिलेखागाराचा एक वर्षाचा अभिलेख व्यवस्थापनाचा डिप्लोमा आहे. तो एमएनंतर लगेच केला तरी चालेल.