हवामानबदल खरा की खोटा, या वादात अर्थतज्ज्ञांचं काय काम? त्यांना त्यातलं विज्ञान कुठे कळतं?

हाच प्रश्न मला फेब्रुवारी २०१२ मध्ये भाचीच्या साखरपुड्यात, जेवणं उरकल्यावर, पंधरा-वीस पाहुण्यांसमोर विचारला गेला होता. विचारणारे माझे दाजी. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, निफाड तालुक्यात सहा एकर द्राक्षबाग. म्हणाले, "मास्तर, तू पोरांना मागणी-पुरवठा शिकव. पावसापाण्यात तुझं काय काम?" मी तेव्हा कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होतो. तुम्ही तोच प्रश्न जवळजवळ त्याच शब्दांत विचारलाय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

दाजींच्या हातात एक प्रिंटआउट होता. २७ जानेवारीला वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये सोळा शास्त्रज्ञांच्या सह्यांचा लेख आला होता. तापमानवाढीला घाबरायचं कारण नाही, असा त्याचा सूर. सह्या करणाऱ्यांत अपोलो १७ मधून चंद्रावर उतरलेले हॅरिसन श्मिट होते, विमानं डिझाइन करणारे बर्ट रुटान होते. दाजींनी ही दोन नावं पाहुण्यांना मोठ्याने वाचून दाखवली. मग पान उलटून पिवळ्या पेनने रंगवलेली ओळ माझ्यासमोर धरली. तिचा मथितार्थ असा, की येल विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ विल्यम नॉर्डहाउस यांच्या अभ्यासानुसार, आणखी ५० वर्षं कार्बनवर कसलंही बंधन न घालता अर्थव्यवस्था वाढू दिली, तर खर्चाच्या तुलनेत फायद्याचं गुणोत्तर जवळजवळ सर्वांत जास्त येतं. "बघ, तुझ्याच पंथातला माणूस सांगतोय. पन्नास वर्षं थांबा!"

नॉर्डहाउस म्हणजे कोणी ऐरागैरा नाही. सॅम्युएलसनबरोबरचं त्यांचं पाठ्यपुस्तक आमच्या पिढीने वर्गात वापरलंय. १९७० च्या दशकापासून हा माणूस कार्बन डायऑक्साइडचा आर्थिक हिशेब मांडत होता. त्यांनी असं म्हटलं असेल यावर माझा विश्वास बसेना, पण मूळ अभ्यास मी वाचलेला नव्हता. न वाचता बोलायचं नाही हा माझा नियम, म्हणून मी गप्प बसलो. पाहुणे हसले. ते हसू मला पुढे बरीच वर्षं टोचत राहिलं.

महिन्याभरात, मार्चमध्ये, खुद्द नॉर्डहाउस यांनीच न्यूयॉर्क रिव्ह्यू ऑफ बुक्समध्ये त्या सोळा जणांना उत्तर दिलं. तापमान वाढतंय का, माणसामुळे वाढतंय का, शास्त्रज्ञ पैशांसाठी घाबरवतात का, असे एकेक मुद्दे घेतले आणि शेवटी स्वतःच्या अभ्यासाकडे आले. माझ्या कामाचा चुकीचा अर्थ लावलाय, हे त्यांनी स्पष्ट लिहिलं. त्यांच्या हिशेबाने ५० वर्षं थांबण्याची किंमत त्या वेळच्या भावाने ४.१ लाख कोटी डॉलर होती. सोळा जणांनी फायद्याचं खर्चाशी गुणोत्तर बघितलं. बघायला हवा होता निव्वळ फायदा, म्हणजे फायद्यातून खर्च वजा जाता उरलेली रक्कम. ही चूक पकडायला हवामानशास्त्र लागत नाही, अर्थशास्त्र लागतं. अर्थतज्ज्ञाचं काय काम, याला माझं पहिलं उत्तर हेच.

मी तो लेख छापून दाजींना नेऊन दिला. त्यांनी तो बैठकीच्या खोलीतल्या कपाटावर ठेवला आणि वाचला नाही.

आता गुणोत्तर म्हणजे काय हे दाजींच्याच बागेतून सांगतो, कारण २०१८ च्या उन्हाळ्यात हीच चूक त्यांनी माझ्यासमोर केली. तेव्हा आमच्याकडे काही बागाईतदार द्राक्षावर प्लास्टिकचं आच्छादन टाकायला लागले होते. छाटणीनंतर अवकाळी पाऊस आला तर डाऊनी हा बुरशीचा रोग आणि घडकूज यांनी बाग जाते, माल तयार झाल्यावर आला तर मणी तडकतात. आच्छादनाने घड कोरडे राहतात. मी म्हटलं, दोन एकर तरी करून बघा. दाजींनी खताच्या दुकानाच्या पावतीमागे हिशेब मांडला. जास्तीच्या फवारण्यांना एकरी दहा हजार खर्च, त्यातून सरासरी पन्नास हजारांचा माल वाचतो. आच्छादनाचा वर्षाचा वाटा एकरी एक लाख, वाचतो अडीच लाखांचा माल. पेन खाली ठेवून म्हणाले, "फवारणी रुपयाला पाच रुपये देते. तुझं प्लास्टिक अडीच. मी काय येडा आहे?"

आकडे त्यांचेच घ्या. फवारणीतून हातात उरतात चाळीस हजार, आच्छादनातून दीड लाख. ज्याला वर्षाच्या शेवटी घर चालवायचंय त्याने दीड लाखांकडे बघायचं की "रुपयाला पाच"कडे? वॉल स्ट्रीट जर्नलमधल्या त्या पिवळ्या ओळीत नेमकी हीच गफलत होती. मी हे त्या दिवशी दाजींना सांगितलं. ते म्हणाले, "पुस्तकी हिशेब." आणि उठले.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, विज्ञान कुठे कळतं हा. बरोबर आहे, वातावरण किती तापेल हे अर्थतज्ज्ञाने सांगू नये. ते भौतिकशास्त्रज्ञांचं काम, आणि त्यांनी ते चोख केलंय. पण तापलं तर कोणाचं किती नुकसान, आज किती खर्च करायचा, कोणी करायचा, आणि नातवाच्या नुकसानीला आजच्या रुपयात काय भाव द्यायचा, हे प्रश्न थर्मामीटरने सुटत नाहीत. शंभर वर्षांनी होणारं १ लाखाचं नुकसान घ्या. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ निकोलस स्टर्न यांनी त्यांच्या सरकारसाठी २००६ मध्ये जो अहवाल केला त्यात डिस्काउंट रेट, म्हणजे भविष्यातल्या रुपयाची आजची किंमत काढताना दरवर्षी कापायचा दर, सुमारे १.४ टक्के धरला होता. त्या दराने ते नुकसान आजच्या २५ हजारांएवढं. दर ४ टक्के धरला की तेच जेमतेम २ हजार. नॉर्डहाउस स्टर्नपेक्षा बराच चढा दर धरतात. म्हणून स्टर्न म्हणाले आत्ताच जोरात ब्रेक लावा, आणि नॉर्डहाउस म्हणाले आधी हळू, मग घट्ट. पण ब्रेक लावायचाच आणि त्यासाठी कार्बनला किंमत लावायची, म्हणजे तो हवेत सोडणाऱ्याकडून पैसे घ्यायचे, यावर दोघांत वाद नाही. शंकेखोर मंडळी या भांडणाकडे बोट दाखवून "बघा, त्यांचंच एकमत नाही" म्हणतात, तेव्हा ही शेवटची गोष्ट गाळतात.

आणि एक गोष्ट मला फार खटकते. अर्थतज्ज्ञाने विज्ञानात तोंड घालू नये हे आमच्यासारख्यांनाच ऐकवलं जातं. गेल्या हजारेक वर्षांचं तापमान दाखवणाऱ्या, शेवटी हॉकीच्या काठीसारख्या वर वळणाऱ्या ज्या 'हॉकी स्टिक' आलेखावर शंकेखोरांनी सर्वांत जास्त आरडाओरडा केला, त्या आलेखाच्या गणितावर २००३ आणि २००५ मध्ये आक्षेप घेणाऱ्या दोघांपैकी एक, रॉस मॅकिट्रिक, कॅनडातल्या गेल्फ विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवतात. दुसरे, स्टीफन मॅकइन्टायर, खाणउद्योगातून आलेले. दाजी "हॉकी स्टिक मोडली" असं चारचौघांत सांगायचे, तेव्हा त्यांना मॅकिट्रिकचं अर्थशास्त्र आड आलं नाही. मलाही ते आड येत नाही. आकडेवारी तपासायचा हक्क ज्याला ती येते त्या प्रत्येकाला आहे. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २००६ मध्ये तो वाद तपासला, संख्याशास्त्रीय पद्धतीवरचे काही आक्षेप मान्य केले आणि तरीही अलीकडच्या दशकांची ऊब गेल्या निदान चारशे वर्षांत वेगळी आहे हा निष्कर्ष कायम ठेवला. दाजी फक्त पहिलं अर्धं वाक्य सांगायचे.

अर्थतज्ज्ञही चुकतात, हे मी लपवत नाही. रिचर्ड टोल यांच्या २००९ च्या लेखात तापमानवाढीच्या नुकसानीचे वेगवेगळ्या अभ्यासांतले अंदाज एका तक्त्यात होते. त्यातल्या दोन आकड्यांपुढचं उण्याचं चिन्ह गळलं होतं. नुकसान फायदा होऊन बसलं, आणि ती दुरुस्ती छापून यायला २०१४ उजाडलं. थोडी ऊब जगाला फायद्याची असं सांगणारे लोक दरम्यान तो लेख दाखवत होते. नॉर्डहाउस यांना २०१८ चं नोबेल मिळालं, तरी ३ अंश वाढीचं नुकसान जगाच्या उत्पन्नाच्या सुमारे २ टक्के हा त्यांचा अंदाज फार कमी आहे असं अनेक शास्त्रज्ञ आणि अर्थतज्ज्ञ म्हणतात. मलाही तो कमी वाटतो. निफाडमध्ये उभं राहून बघितलं तर फारच कमी.

कारण २०१९ ची भाऊबीज. २९ ऑक्टोबरला मी ताईकडे ओवाळून घ्यायला गेलो. त्या वर्षी परतीचा पाऊस जायचं नाव घेत नव्हता. ओवाळणी झाली आणि दाजी काही न बोलता गमबूट घालून बागेत गेले, मी मागे. लवकर छाटलेला प्लॉट फुलोऱ्यात होता. ट्रॅक्टर चिखलात रुतत होता म्हणून चार दिवस फवारणी नव्हती. दाजींनी मांडवाखाली एक घड तळहातावर घेतला. काळपट पडलेल्या कळ्या बोट लागताच गळून हातावर राहिल्या, देठ रिकामा. त्यांनी हात पँटला पुसला आणि पुढच्या वेलाकडे गेले. तोही तसाच. अशा अकरा ओळी आम्ही चाललो. फवारणीचे "रुपयाला पाच" मिळवायला फवारणी तरी करता यायला हवी होती.

मी त्या दिवशी काही बोललो नाही. हा एक पाऊस हवामानबदलाने आला असं मी म्हणणार नव्हतो आणि आजही म्हणत नाही. एका पावसावरून तसं सिद्ध होत नाही, आणि वाद जिंकायला खोटं बोलणं मला मान्य नाही. जोखीम वाढतेय, आणि वाढत्या जोखमीचा हिशेब करायला शिकायला हवं, एवढंच माझं म्हणणं होतं.

संध्याकाळी ताईने स्वयंपाकघरात मला वेगळंच सांगितलं. २०१७ पासून सोसायटीचं कर्ज थकलं होतं, नवीन मिळत नव्हतं. आच्छादनाचे पैसे उभे करायला दाजींकडे मार्गच नव्हता आणि मेहुण्यासमोर ते बोलवत नव्हतं. आता अर्थशास्त्र प्रामाणिकपणे मांडायचं तर हेही सांगायला हवं, की हातात मोजकंच भांडवल असेल आणि कर्ज मिळत नसेल, तेव्हा गुणोत्तर बघणं चूक नसतं. दहा हजारच असतील तर माणूस फवारणीच करणार. म्हणजे पावतीमागचा दाजींचा हिशेब त्यांच्या परिस्थितीत पूर्ण चुकीचा नव्हता, आणि मी पैशांचं आधी विचारायला हवं होतं. त्या सोळा जणांना मात्र ही सबब नाही. ते जगातल्या सर्वांत श्रीमंत देशांच्या धोरणाबद्दल लिहीत होते. अमेरिकेत माणशी वर्षाला चौदा-पंधरा टन कार्बन डायऑक्साइड सोडला जातो, आपल्याकडे सुमारे दोन टन. भांडवल त्यांच्याकडे आहे, थांबा म्हणायचा हक्क असलाच तर दाजींना आहे, आणि पाऊस पडतो दाजींच्या बागेत. हा अन्याय आकड्यांत मांडून दाखवणं हेसुद्धा अर्थतज्ज्ञाचंच काम.

तेव्हा तुम्हाला कोणी "अमुक अर्थतज्ज्ञ म्हणतो थांबा" असं पाठवलं, तर दोनच गोष्टी विचारा: गुणोत्तर सांगताय की निव्वळ फायदा, आणि डिस्काउंट रेट किती धरलाय. बहुतेक जण तिथेच अडतात. आणि घरातलंच माणूस पाठवत असेल तर आधी त्याच्या कर्जाची चौकशी करा.

बाग आता भाचा बघतो. त्याने दोन एकरांवर आच्छादन टाकलंय. उरलेल्या चार एकरांचा हिशेब येत्या भाऊबीजेला करायचा ठरलाय, कर्जाच्या हप्त्यांसकट, आणि तो कागदावर दाजी लिहिणार आहेत.