शुक्रवारी सांगू नकोस

तुझं पत्र तीनदा वाचलं. आपल्या ज्यू घरातून तू ख्रिस्ती व्हायचं ठरवलंयस; येशूवर विश्वास कसा बसला याबद्दल त्यात चार ओळी आहेत आणि आईला काय वाटेल याबद्दल चार पानं. म्हणजे विश्वासाचा प्रश्न तुझ्यापुरता बराचसा सुटलेला दिसतो, अडलंय ते घरापाशी. तेव्हा घराबद्दलच बोलू.

"शिवा पाळू तुझी," असं मामा म्हणाले, ते तुला फार लागलंय. लागणारच. शिवा म्हणजे आपल्यात मेलेल्यासाठी पाळायचं सात दिवसांचं सुतक, आणि ते जिवंत पोरीसाठी! पण ही धमकी मामांच्या डोक्यातून निघालेली नाही. ख्रिस्ती झालेल्या मुलासाठी खरोखर शिवा बसलेली घरं आपल्यात होऊन गेली. त्यामागे काय आहे ते एकदा बघ. 1096 मध्ये ऱ्हाइन नदीकाठच्या गावांत क्रूसेडवाल्यांनी, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धाला निघालेल्यांनी, आपल्या लोकांपुढे दोनच वाटा ठेवल्या, बाप्तिस्मा (पाण्याचा विधी करून ख्रिस्ती होणं) नाहीतर मरण. स्पेनमध्ये 1391 च्या कत्तलींत कितीतरी जणांनी जीव वाचवायला बाप्तिस्मा घेतला, आणि 1492 मध्ये ज्यू म्हणून उरलेल्यांना देशाबाहेर काढलं. 1858 मध्ये इटलीतल्या बोलोन्यात एदगार्दो मोर्तारा या सहा वर्षांच्या मुलाला पोपच्या शिपायांनी आईबापांच्या घरातून उचलून नेलं. कारण एवढंच, की तो तान्हा असताना आजारी पडला तेव्हा मोलकरणीने गुपचूप त्याचा बाप्तिस्मा उरकला होता, आणि बाप्तिस्मा झालेलं मूल ज्यू घरात वाढू द्यायचं नाही असा पोपच्या राज्याचा कायदा होता. मुलगा घरी परत आला नाही. पुढे पाद्री झाला. बाप्तिस्मा म्हटलं की तुझ्या डोळ्यांपुढे पाणी येतं, आजीच्या डोळ्यांपुढे हे येतं.

म्हणून आई रडायला लागली की तिला धर्मशास्त्र समजावू नकोस. "येशू ज्यूच होता की" हे तर मुळीच नको. खरं आहे ते, पण त्या घटकेला ते वकिली वाटतं. मी बोलले होते, म्हणून सांगते.

माझी खरी चूक याहून मोठी. मी घरी सांगितलंच नाही. आज सांगू, सणानंतर सांगू, बाबांची तब्येत सुधारली की सांगू, असं करता करता बाप्तिस्मा होऊन गेला आणि बाबांना तो कळला परक्या माणसाकडून. दुःख त्यांना कसंही झालंच असतं. फसवल्याचं दुःख मात्र मी पदरचं घातलं. त्यांचा अबोला नऊ वर्षं टिकला, आणि त्यातली निम्मी वर्षं तरी त्या लपवाछपवीची होती असं मला आजही वाटतं. तेव्हा परवानगी मागू नकोस, तू सज्ञान आहेस. पण बाप्तिस्म्याच्या आधी सांग, स्वतःच्या तोंडाने, समोर बसून. चिठ्ठी नको, मेसेज तर नकोच. त्यांच्या छपराखाली राहत असशील, शिक्षणाचा खर्च तेच करत असतील, तर आधी दुसरी सोय बघून ठेव. हे व्यवहारी बोलणं तुला हलकं वाटेल, वाटू दे.

एडिथ स्टाइन या जर्मन ज्यू तत्त्वज्ञ बाईचं आयुष्य मी पुन्हा पुन्हा आठवते. तिचा जन्म 1891 मधला, नेमका योम किप्पूरच्या, म्हणजे आपल्या प्रायश्चित्ताच्या उपवासाच्या, दिवशीचा. अकरा भावंडांत धाकटी. वडील लवकर गेले आणि आईने लाकडाची वखार चालवून घर उभं ठेवलं. 1 जानेवारी 1922 ला एडिथने बाप्तिस्मा घेतला आणि आईला सांगायला ती स्वतः घरी गेली. आई खमकी बाई, पण रडली. त्यानंतरही एडिथ घरी असली की आईबरोबर सिनेगॉगमध्ये, आपल्या प्रार्थनाघरात, जायची. 1933 मध्ये ती नन होऊन कार्मेल मठात गेली तेव्हा मात्र आईला ते पेलवलं नाही. मठातून लेक दर आठवड्याला पत्र टाकत राहिली, आणि कितीतरी दिवस आईकडून उत्तर म्हणून नाही. 1936 मध्ये आई गेली. 9 ऑगस्ट 1942 ला ऑशविट्झमध्ये एडिथला मारलं ते मात्र ज्यू म्हणूनच. मला यातलं सर्वांत अवघड काय वाटतं सांगू? उत्तर येत नसताना पत्र टाकत राहणं. तुझ्या वाट्यालाही ते येऊ शकतं. तयारी ठेव.

घाई करू नकोस, हेही म्हणते. फ्रान्झ रोझेनत्स्वाइग हा जर्मन ज्यू विचारवंत 1913 मध्ये ख्रिस्ती व्हायच्या बेताला आला होता. त्याचं म्हणणं, मी चर्चमध्ये येईन तो ज्यू म्हणून येईन. म्हणून तो आधी आपल्याच धर्माकडे नीट बघायला लागला, आणि त्याच वर्षी ठरवलं की ज्यूच राहायचं. तू त्याच्यासारखं कर असं नव्हे. पण जे सोडायला निघालीस ते तुला माहीत तरी आहे का? रब्बींकडे, आपल्या धर्मगुरूंकडे, जाऊन एकदा मोकळेपणी बोल. ते ओरडतील कदाचित. तालमूद या आपल्या धर्मग्रंथात म्हटलंय, पाप केलं तरी तो इस्राएलच, म्हणजे ज्यूच. त्यामुळे त्यांच्या हिशेबी तू कुठे जातच नाहीस. इस्राएल देशाच्या सरकारचा हिशेब वेगळा. ज्यू आईबापांच्या पोटी जन्मून ख्रिस्ती संन्यासी झालेल्या ब्रदर डॅनियलला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये परतीच्या कायद्याखाली (ज्यूंना तिथे येऊन राहायचा हक्क देणारा कायदा) ज्यू मानलं नाही, आणि 1970 मध्ये दुसरा धर्म घेतलेल्यांना वगळणारी व्याख्या कायद्यातच आली. तिकडे जायचं मनात असेल तर हे लक्षात ठेव.

आणि चर्चमध्येही सांभाळून. तिथे तुला व्यासपीठावर उभं करून "बघा, ज्यू मुलगी आली" म्हणणारे भेटतील. साक्ष द्यायला नकार दे, निदान पहिली काही वर्षं. तुझ्या आईच्या कानावर ती साक्ष जाईल तेव्हा काय होईल याचा विचार त्या भल्या लोकांना सुचत नाही. कुणी ज्यूंबद्दल वाकडं बोललं, आणि बोलतात, तर तिथल्या तिथे टोक. पास्टर असला तरी.

राहिला दिवस. सगळे एकत्र असतात म्हणून शुक्रवारची संध्याकाळ तुला सोयीची वाटतेय. नको. शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ, आपला विसाव्याचा पवित्र दिवस, सुरू होतो; आईने त्याचे दिवे लावलेले असतील. ती संध्याकाळ एकदा नासली की पुढचा प्रत्येक शब्बाथ तिला तोच दिवस आठवून देईल, आणि तुला कधी परत बोलवायचं झालं तर तिने बोलवायचं कुठल्या संध्याकाळी? मंगळवार, बुधवार, कुठलाही वार बघ. आधी आईला एकटीला गाठ. मामांना सांगायचं काम तिच्यावर सोड.