पाचवीत एकदम इंग्रजी माध्यमात आलेल्या आणि मागे पडलेल्या मुलाला शिक्षकाच्या लहानशा आपुलकीने खरोखर बळ मिळते का?

होय, नक्कीच मिळते. गोव्यात मराठी प्राथमिक शाळेतून चौथी उत्तीर्ण झालेली मुले पाचवीत बहुधा थेट इंग्रजी माध्यमात येतात आणि गणित येत असूनही केवळ प्रश्न न कळल्यामुळे गप्प बसू लागतात. अशा वेळी शिक्षकाने तो प्रश्न मराठीत किंवा कोकणीत समजावला, उत्तरही त्याच भाषेत स्वीकारले आणि सर्वांदेखत न टोकता चुकीजवळ वहीत दोन ओळी लिहिल्या, तर तेच मूल पुन्हा हात वर करू लागते, हे मी पाचवीला शिकवताना पाहत आलो आहे. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ डेव्हिड येगर व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातही, निबंधावरील शेऱ्यांसोबत ‘तुझ्याकडून मोठ्या अपेक्षा आहेत आणि तू त्या पूर्ण करशील’ अशा आशयाची चिठ्ठी जोडल्यावर निबंध सुधारून आणणाऱ्यांचे प्रमाण वाढले, विशेषतः कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांमध्ये. मात्र दया म्हणून गुण वाढवणे किंवा मुद्दाम सोपे काम देणे म्हणजे आपुलकी नव्हे. आपल्याकडून कोणाला काही अपेक्षाच उरलेली नाही, हा त्यामागचा अर्थ मुलाला फार लवकर उमगतो.