एकच घाट, पुन्हा पुन्हा

प्रश्न : मी हौसेने जलरंगात चित्रं काढते. दर सुट्टीत नवी जागा शोधते, तरी हल्ली काही सुचतच नाही. काय करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, नवी जागा शोधणं थोडे दिवस सोडा. मी वर्षानुवर्षं वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर जातो, त्याच पायरीवर बसतो. सकाळी सातला कृष्णेच्या पाण्यालगतचा काळा दगड निळसर दिसतो; नऊला ऊन आलं की तोच चक्क तांबूस होतो. काळ्या रंगाची ट्यूब मी उघडतच नाही. अल्ट्रामरीन या निळ्यात बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी मिसळतो. निळा जास्त घातला की सकाळ, तपकिरी वाढवला की ऊन. ओल्या खरखरीत कागदाच्या खळग्यांत अल्ट्रामरीनचे कण बसतात आणि दगडाचा पोत आपोआप उमटतो. हे मला तिथे बसूनच उमगलं. (पावसाळ्यात कागद वाळत नाही, तेव्हा नुसती पेन्सिल न्यावी.)

फ्रेंच चित्रकार क्लोद मोने १८८३मध्ये फ्रान्समधल्या जिव्हर्नी गावी राहायला गेला आणि पुढे स्वतःच्याच बागेतल्या तळ्यातल्या वॉटरलिलींची त्याने सुमारे २५० चित्रं रंगवली! तुमच्या घराजवळ एखादी विहीर, एखादी चिंच असेलच. महिनाभर तिथेच बसा. पहिली तीन-चार चित्रं बहुधा जमणार नाहीत. ती फाडू मात्र नका.