चौथीतल्या मुलासह सिंगापूरला येण्याआधी

कंपनी सिंगापूरला पाठवत आहे, तेव्हा चौथीतल्या मुलाला तेथील सरकारी शाळेत घालावे का, आणि अनेक वंशांच्या त्या समाजात मूल केवळ गुणांवर पुढे जाते हे खरे का, असे आपण कोथरूडहून विचारले आहे. पुणे सोडून मला बरीच वर्षे झाली आणि माझ्या दोन्ही मुली येथील सरकारी शाळांत शिकल्या, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

गुणांना येथे खरोखरच मान आहे. परंतु त्यांची मोजणी फार लवकर होते. सहावीच्या अखेरीस, बाराव्या वर्षी, पीएसएलई ही परीक्षा होते आणि माध्यमिक शाळा तिच्यावर ठरते. त्यानंतर मुलांची गुणांनुसार वेगवेगळ्या प्रवाहांत (सोप्या-कठीण अभ्यासक्रमांत) होणारी विभागणी २०२४ पासून जाऊन विषयवार स्तर आले, म्हणजे प्रत्येक विषय मूल त्याला झेपेल त्या पातळीवर शिकते, हे फार चांगले झाले. तरीही शिकवण्यांचा खर्च पेलणारे घर पुढे राहतेच. पुण्यात दहावीला जो ताण असतो, तो येथे दहाव्या वर्षीच सुरू होतो. आपल्या मुलाच्या हाती जेमतेम दोन वर्षे राहतील. शिवाय परदेशी मुलांना इंग्रजी व गणिताची प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, आणि उत्तीर्ण झाल्यावरही जागा असेल तरच शाळा मिळते.

वंशाची मात्र येथे रीतसर नोंद होते. त्या नोंदीनुसार सरकारी वसाहतींत कोणत्या वंशाची किती घरे असावीत याचे प्रमाण १९८९ पासून ठरवलेले आहे, त्यामुळे चिनी, मलय आणि भारतीय कुटुंबे एकाच जिन्यावर राहतात. शाळेतील मातृभाषेचा विषयही वंशावरूनच ठरतो. भारतीय मुलाला तमिळ, किंवा हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू यांपैकी एक भाषा घेता येते. मराठी त्यांत नाही. पीएसएलईच्या चार विषयांपैकी हा एक असल्याने मुलाचे हिंदी लेखन आतापासूनच पक्के करून घ्यावे.

भारतीय मुले अभ्यासात मागे पडत असल्याच्या चिंतेतून १९९१ मध्ये ‘सिंडा’ ही संस्था स्थापन झाली. पदवीधर आईवडिलांची आपली मुले आणि पिढ्यान्‌पिढ्या येथे कष्टात राहिलेल्या घरांतील मुले एकाच ‘भारतीय’ रकान्यात मोजली जातात; नवागतांमुळे सरासरी वर गेली, तरी मागे राहिलेल्या मुलाला त्याचा काहीच उपयोग नसतो. सिंडासाठी आपल्याही पगारातून दरमहा लहानशी रक्कम कापली जाईल. ती थांबवण्याची मुभा आहे. कृपया थांबवू नका.