वाचकांचे प्रश्न : जर्मनीला निघण्याआधी

प्रश्न : मी सांगलीची. मेकॅनिकल इंजिनिअरिंग झालं आहे आणि ऑक्टोबरपासून जर्मनीत एमएससी सुरू होईल. प्रवेशपत्र आलं, एपीएस प्रमाणपत्रही (इथल्या शैक्षणिक कागदपत्रांची तपासणी झाल्याचा दाखला) हातात आहे. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाची रक्कम आधीच अडकवून ठेवायच्या खात्यात, पैसे भरले की वर्षभराची चिंता मिटली, असं एजंट म्हणतो. बाबांनी कर्ज काढलं आहे, म्हणून विचारते : खरंच मिटते का?

उत्तर : पहिल्या महिन्याची मिटत नाही, आणि बहुतेक मुलं अडतात ती त्याच महिन्यात.

ब्लॉक्ड अकाउंटमध्ये सध्याच्या नियमाप्रमाणे ११,९०४ युरो भरावे लागतात आणि त्यातून दरमहा ९९२ युरो सुटतात. पण ते सुटतात तुमच्या जर्मनीतल्या चालू खात्यात. ते खातं उघडायला बऱ्याच बँका पत्त्याच्या नोंदणीचा कागद मागतात. ही नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत महापालिकेच्या कचेरीत करायची असते आणि तिला घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. हॉटेलवाले किंवा थोड्या दिवसांसाठी खोली देणारे हे पत्र सहसा देत नाहीत. म्हणजे पक्की खोली नाही तर नोंदणी नाही, नोंदणी नाही तर खातं नाही, आणि खातं नाही तोवर स्वतःचेच पैसे कुलपात. म्हणून तात्पुरती खोली घेतानाही पहिला प्रश्न भाड्याचा विचारू नका. 'इथे आनमेल्डुंग करता येईल का?' हे आधी विचारा.

याच महिन्यात खोलीचं डिपॉझिटही द्यावं लागतं. कायद्याने ते जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं घेता येतं. त्याशिवाय विद्यापीठाचं सत्रशुल्क आणि आरोग्यविमा आहेच. सरकारी विम्याचा विद्यार्थ्यांचा हप्ता महिन्याला दीडशे युरोंच्या आसपास जातो. तेव्हा ब्लॉक्ड अकाउंटला हात न लावता दीड ते दोन हजार युरो फॉरेक्स कार्डवर वेगळे ठेवा. म्युनिकसारख्या शहरात पुढेही ९९२ युरोंत महिना ओढताना दमछाक होते. केम्निट्झ किंवा मॅग्डेबुर्गला खोलीभाडं बरंच कमी असल्याने तेवढ्यात भागतं.

पैसे पाठवताना दोन गोष्टी बघा. मधल्या बँका वाटेत शुल्क कापतात आणि खात्यात ११,९०४ ऐवजी ११,८८० पोचले तर व्हिसासाठीचा दाखला अडकतो. सगळे शुल्क पाठवणाऱ्याकडे, असा पर्याय फॉर्मवर निवडा आणि ५० ते १०० युरो जास्त पाठवा. दुसरं टीसीएसचं, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते त्या कराचं. मान्यताप्राप्त बँकेच्या शैक्षणिक कर्जातून थेट गेलेल्या रकमेवर तो लागत नाही. घरच्या पैशातून मात्र वर्षाला दहा लाख रुपयांच्या वर गेलं की लागतो, आणि ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम तर दहा लाखांच्या वरच जाते. म्हणून कर्जाची रक्कम आधी बाबांच्या बचत खात्यात वळवू नका. ती कर्जाचीच होती हे नंतर सिद्ध करत बसावं लागतं. टीसीएस कापला गेलाच, तर प्राप्तिकर विवरणपत्रात त्याचा परतावा मागता येतो.

खोली शोधताना एक ओळखून ठेवा : 'मी सध्या परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरिअरने येईल' असं म्हणणारा मालक फसवणारा असतो. यात किती मुलांच्या घरचे पैसे बुडतात, ते पाहून जीव तुटतो. विद्यार्थी वसतिगृहांच्या संस्थेकडे, श्टुडीरेंडनवेर्ककडे, प्रवेशपत्र आल्याच्या दिवशीच अर्ज करा. प्रतीक्षायादी लांब असते.

प्रश्न : माझ्या दहावी-बारावीपासूनच्या सगळ्या गुणपत्रिकांवर आधी आडनाव, मग माझं, मग वडिलांचं नाव आहे. पासपोर्टवर क्रम वेगळा. अडचण येईल का? (लातूर)

उत्तर : क्रमाने सहसा अडत नाही, स्पेलिंगने अडतं. पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर, प्रत्येक अर्जात लिहा. पासपोर्टच्या 'गिव्हन नेम'मध्ये वडिलांचं नाव असेल तर जर्मन कचेऱ्या तुमच्या नावाचा भाग म्हणून तेही लिहिणार. ते गाळून विमा किंवा बँकेचा फॉर्म भरला, की दोन कागदांवर दोन माणसं दिसू लागतात. गुणपत्रिकेत आणि पासपोर्टमध्ये स्पेलिंगच वेगळं असेल तर प्रतिज्ञापत्र इथूनच करून न्या.

प्रश्न : अभ्यासाची भीती वाटते. डिग्रीला दोनदा एटीकेटी लागली होती, पण निघालो त्यातून. तिथे नापास झालो तर? (नाशिक)

उत्तर : हा प्रश्न निघण्याआधी विचारलात हे फार चांगलं केलंत, कारण एटीकेटीची सवय तिथे घात करते. बहुतेक जर्मन विद्यापीठांत एका विषयाची परीक्षा तीनदाच देता येते. अनिवार्य विषयात तिसऱ्यांदा नापास झालात तर नाव कमी होतं आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीतल्या दुसऱ्या विद्यापीठातही करता येत नाही. नाव कमी झालं की निवास परवानाही धोक्यात येतो.

श्रेणी उलटी असते : १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास, ५.० नापास. इथल्यासारखे अंतर्गत गुण हाताशी नसतात. बऱ्याच विषयांत सत्राअखेरची नव्वद मिनिटांची किंवा दोन तासांची एकच परीक्षा सगळं ठरवते. शिवाय परीक्षेसाठी वेगळी ऑनलाइन नोंदणी असते. मुदत चुकली तर तयारी असूनही बसता येत नाही. तयारी कच्ची असेल तर ठरलेल्या दिवसाआधी नाव मागे घ्या, तो प्रयत्न मोजला जात नाही. नाव न काढता गैरहजर राहिलात तर तो थेट नापासात जातो. आजारी पडलात तर त्याच दिवशी डॉक्टरचं प्रमाणपत्र घ्या.

पहिल्या सत्रात ३० क्रेडिट घ्यायचा हट्ट धरू नका. एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचा अभ्यास, शिवाय घर आणि कचेऱ्यांची धावपळ. २० क्रेडिट नीट पदरात पाडणं शहाणपणाचं. जुन्या प्रश्नपत्रिका विभागाच्या विद्यार्थी मंडळाकडे, फाखशाफ्टकडे, बहुधा मिळतात. नोकरीची घाईही पहिल्या सत्रात नको. नियमाने वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं, पण गोदामातली रात्रपाळी आणि सकाळचं लेक्चर एकत्र निभत नाही.

प्रश्न : मुलगा पहिल्यांदाच घराबाहेर राहणार. बरोबर काय बांधून देऊ? एकटा पडेल का, याचीच धास्ती वाटते. (एक आई, चिपळूण)

उत्तर : तूप, पेढे, खवा यांतलं काही देऊ नका. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. आंबे आणि ताजा कढीपत्ताही नको. गोडा मसाला, मेतकूट, कोरडी चटणी आणि कोकम चालतं. लहान कुकर द्या, पण वसतिगृहात इंडक्शन शेगडी असेल तर अॅल्युमिनियमचा चालत नाही, स्टीलचा लागतो. गॅस्केट दोन जास्तीची द्या. आपला जाड तीन पिनांचा प्लग तिथे बसत नाही, अडॅप्टर लागेल. नेहमीची औषधं तीन महिने पुरतील एवढीच, डॉक्टरच्या इंग्रजी चिठ्ठीसह द्या.

एकटेपणाची धास्ती रास्त आहे. डिसेंबरात तिथे दिवस जेमतेम आठ तासांचा असतो आणि अंधाराने भले भले खचतात. मोठ्या शहरांत महाराष्ट्र मंडळं आहेत, गणपतीच्या सुमारास त्यांची गाठ घ्यायला सांगा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे जातात, मग आपल्यात नि त्यांच्यात साडेचार तासांचं अंतर पडतं. त्याच्या रात्री नऊला तुमच्याकडे दीड वाजलेला असतो, म्हणून रोज रात्री फोनची वाट बघू नका. रविवारी तिथे दुकानं बंद असतात. त्याच्या दुपारी बाराला, म्हणजे तुमच्या साडेचारच्या चहाला, फोनची वेळ ठरवून टाका.